विस्तवापाशी लोणी

अलिबागहून उत्तरेकडे थोडे गेले की थळ-वायशेतचा परिसर लागतो. तिथे खतकारखान्याच्या शेजारी 1987 पासून जड पाण्याचा कारखाना चालू आहे. अमोनिया करण्यासाठी तयार केलेल्या वायूतून जड हायड्रोजन, म्हणजेच ड्यूटेरियम, तिथे टप्प्याटप्प्याने वेचून काढतात. नैसर्गिक हायड्रोजनच्या सुमारे 6,400 अणूंत एखादाच जड निघतो, तेव्हा हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना यावी. मात्र एवढ्या मोठ्या यंत्रसामग्रीतही ड्यूटेरियमचा एक अणू नव्याने घडत नाही. तो होता तेवढाच वेचला जातो. थळच्या टाक्यांतला जवळजवळ सगळा साठा विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतला आहे. आपण रोज पितो त्या पाण्यातही तोच आहे. या अणूच्या गाभ्यात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतात. त्या जोडगोळीला ड्यूटेरॉन म्हणतात. संयुक्त अणुकेंद्रांत याहून साधे काही नाही, आणि इतके सैल बांधलेलेही क्वचितच काही असेल. असे असूनही जिनिव्हाजवळच्या बोगद्यात शिशाची केंद्रके एकमेकांवर आदळतात तेव्हा त्या प्रचंड उष्णतेतून ड्यूटेरॉन सहीसलामत बाहेर पडताना दिसतात. आपल्याकडे विस्तवापाशी लोणी ठेवले तर काय होते हे सांगावे लागत नाही. इथे मात्र लोणी विस्तवातूनच बाहेर येते, तेही घट्टच्या घट्ट. हे कसे घडते याचे उत्तर शोधणाऱ्यांची वाट नव्वदहून अधिक वर्षांची आहे. आपण तिच्या सुरुवातीपासून निघू.

पहिला मुक्काम न्यूयॉर्कचा. कोलंबिया विद्यापीठातील हॅरल्ड यूरी यांना जड हायड्रोजन असावा असा संशय होता, पण साध्या हायड्रोजनमध्ये तो इतका थोडा की वर्णपटात त्याची रेषा उठून दिसत नव्हती. वॉशिंग्टनच्या मानक संस्थेत फर्डिनांड ब्रिकवेड यांनी द्रवरूप हायड्रोजन सावकाश उडवून तळाशी उरलेला अंश त्यांच्याकडे पाठवला. दूध आटवावे तसाच हा प्रकार. 1931 सरता सरता अपेक्षित जागी फिकट रेषा दिसली आणि 1934 चे रसायनशास्त्राचे नोबेल यूरींना मिळाले. यातली गंमत अशी की ड्यूटेरियम सापडले तेव्हा त्याच्या गाभ्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी जाहीर केला तो पुढच्या वर्षी, 1932 मध्ये. जोडपे आधी सापडले, त्यातला एक जोडीदार मागाहून.

जोडप्याची गाठ किती पक्की आहे हे तपासण्याची कल्पना मॉरिस गोल्डहाबर या तरुणाची. नाझी जर्मनीतून निसटून केंब्रिजला आलेल्या या विद्यार्थ्याने चॅडविकना सुचवले की पुरेशा ऊर्जेचे गॅमा किरण टाकले तर ड्यूटेरॉन तुटायला हवा. थोरियमच्या कुळातल्या किरणांची ऊर्जा 26 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती, आणि 1934 मध्ये ड्यूटेरॉन खरोखरच तुटला. गाठ सोडवायला सुमारे 22 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात असे ठरले. चार कणांच्या हेलियमला तोडायचे तर 2 कोटी 80 लाख लागतात. लोण्याचा वितळणबिंदू म्हणावा तसा हा 22 लाखांचा आकडा. तो आपण ध्यानात ठेवू, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो विश्वाच्या इतिहासात. 1 एप्रिल 1948 रोजी राल्फ आल्फर आणि जॉर्ज गॅमॉव्ह यांचा लेख छापून आला. ग्रीक अक्षरांचा क्रम जुळावा म्हणून गॅमॉव्हनी मध्ये हान्स बेथे यांचे नाव घातले, आणि तारीख पाहता हा विनोद किती मनापासून केला होता ते कळते. पण विनोदाखालचा विचार टिकला. आरंभीचे विश्व तापलेले होते आणि त्या तापातून हलकी केंद्रके घडली. त्या लेखातले बरेच तपशील पुढे बदलले. एक अडचण मात्र त्यानंतरच्या हिशेबांत स्पष्ट झाली: एका प्रोटॉनमागे अब्जाहून जास्त प्रकाशकण भिरभिरत असताना ड्यूटेरॉन जुळला की लगेच कोणीतरी त्याला फोडणारच. म्हणून विश्वाला थांबावे लागले. तापमान 100 कोटी अंशांच्या खाली उतरल्यावर, म्हणजे तीनेक मिनिटांनी, ड्यूटेरॉन टिकू लागले. त्यांतून बहुतेक हेलियम झाले आणि जो थोडा अंश उरला तो थळपर्यंत पोहोचला. विस्तव विझल्यावर लोणी, असे हे सरळ उत्तर होते.

आता आपण दुसऱ्या एका वाटेने येऊ. ती फोटोग्राफीच्या काचांवरून जाते. व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ आणि हर्टा वांबाखर यांनी इन्सब्रुकजवळच्या डोंगरावर, सुमारे 2,300 मीटर उंचीवर, जाड इमल्शनच्या काचा महिनोन्‌महिने ठेवल्या. 1937 मध्ये त्या काचांत एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या रेघा दिसल्या. वैश्विक किरणाने एका केंद्रकाच्या ठिकऱ्या उडवल्या होत्या. अशा आकृत्यांना तेव्हापासून ‘तारे’ म्हणतात. पुढच्याच वर्षी ब्लाऊंना ऑस्ट्रिया सोडावा लागला, आणि याच तंत्राबद्दलचे नोबेल 1950 मध्ये ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांना मिळाले. आपल्या देशात बिभा चौधुरी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी दार्जिलिंगच्या बाजूच्या डोंगरांवर अशाच काचा ठेवून मेसॉन या कणाचा माग काढला होता. युद्धकाळात चांगल्या जातीच्या काचा मिळेनात, म्हणून ते काम अर्ध्यावर राहिले. याच बिभा चौधुरींना पुढे होमी भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. तिथे संशोधन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

इमल्शन वाचण्याचे काम कसे चाले हे जवळून पाहण्यासारखे आहे. जिलेटिनच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड थरात चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात. विद्युतभारित कण त्यातून गेला की वाटेतले क्षारकण धुलाईनंतर काळे ठिपके होऊन उमटतात. सूक्ष्मदर्शकाची बारीक चकती मागेपुढे फिरवत थरात वरून खाली उतरायचे. एक ठिपका धूसर होतो तोच पुढचा स्पष्ट होतो, आणि अशी ठिपक्यामागून ठिपका रेघ पकडून ठेवायची. संथ आणि जड कणाची रेघ काळीकुट्ट असते, वेगवान हलक्या कणाची विरळ. पाहणाऱ्याची मान अवघडते, डोळ्यांत पाणी येते आणि दिवसाकाठी टाचणाच्या वहीत तीन-चार नोंदी होतात. या नोंदी घेणारे हात बहुतेक ठिकाणी स्त्रियांचे होते, आणि निबंधांवर त्यांची नावे क्वचितच आली.

अशाच काचांवर 1950 मध्ये मेलबर्नला व्हिक्टर हॉपर आणि सुकुमार बिस्वास यांना लॅम्डा हा नवा कण दिसला. तो न्यूट्रॉनचाच पण थोडा जड भाऊबंद आहे आणि आजच्या भाषेत त्याच्या पोटात एक स्ट्रेंज क्वार्क असतो. त्याचे आयुष्य एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या जेमतेम पावपट. बिस्वास पुढे मुंबईच्या टाटा संस्थेत आले, आणि 1985 मध्ये चॅलेंजर यानातून अंतराळात गेलेला ‘अनुराधा’ हा वैश्विक किरणांचा प्रयोग त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. लॅम्डा सापडून दोन वर्षे होतात न होतात तोच, 1952 मध्ये, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या वॉर्सात मारियन दानिश आणि येझी प्न्येव्स्की यांच्यासमोर एक विलक्षण काच आली. फुग्यातून सुमारे 26 किलोमीटर उंचीवर जाऊन आलेल्या त्या काचेत एका ताऱ्यातून निघालेली जाड रेघ थोड्याच अंतरावर थांबत होती आणि तिच्या टोकाला दुसरा तारा फुटलेला होता. पहिल्या स्फोटातून उडालेला केंद्रकाचा तुकडा थांबला, आणि मग जणू काही आठवल्यासारखा स्वतःच फुटला. साधे केंद्रक असे वागत नाही. दोघांनी धाडसाने अर्थ लावला की त्या तुकड्यात प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या जोडीने एक लॅम्डाही अडकला होता. केंद्रकात लॅम्डा बसतो, आणि त्याच्या मरणाबरोबर केंद्रकही फुटते. हा पहिला हायपरन्यूक्लियस. तोपर्यंत अणुकेंद्रांचा नकाशा दोन दिशांचा होता, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा. वॉर्सातल्या त्या एका काचेने त्याला तिसरी दिशा दिली.

यानंतर आपण 1960 पर्यंत झपाट्याने जाऊ, कारण माझ्या मते या गोष्टीतले खरे वळण तिथे आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या नव्याकोऱ्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉनमधून 25 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन लक्ष्यावर आदळवून ज्युझेप्पे कोक्कोनी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडणारे कण वजनानुसार वेगळे करत होते. त्यांत ड्यूटेरॉनही दिसले, आणि अपेक्षेहून फार जास्त. गाठ 22 लाखांची आणि घाव 25 अब्जांचा. ही जोडी टिकावी तरी कशी? त्याच वर्षी सर्नमधल्या रोल्फ हागेडोर्न यांनी उत्तर दिले. महायुद्धात कैद होऊन अमेरिकेतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत दिवस काढलेला हा जर्मन भौतिकज्ञ संभाव्यतेच्या भाषेत विचार करणारा होता. त्यांचे म्हणणे असे की टकरीची ऊर्जा सगळ्या शक्य कणांत संख्याशास्त्राच्या नियमाने वाटली जाते, आणि त्या वाटणीत ड्यूटेरॉनलाही त्याच्या वजनाप्रमाणे वाटा मिळतो. कोण कुठून जुळले हे विचारण्याची गरजच नाही.

दुसरे उत्तर सिडनीहून आले. स्टुअर्ट बटलर आणि पिअर्सन यांनी 1961 मध्ये मांडले की ड्यूटेरॉन स्फोटातून उडत नाहीत. उडतात ते सुटे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि त्यांतले जे जवळजवळ त्याच वेगाने त्याच दिशेला निघाले ते वाटेत एकमेकांना बिलगतात. बिलगताना जी जास्तीची ऊर्जा टाकून द्यावी लागते ती तिसरा कोणीतरी उचलतो, आणि तिथे तो तिसरा म्हणजे आजूबाजूचे केंद्रक. 1963 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या मोजमापांवरून श्वार्त्सशिल्ड आणि झुपांचिच यांनी ही कल्पना एका साध्या नियमापर्यंत आणली: ड्यूटेरॉनची संख्या प्रोटॉनच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात. ज्यांनी घरी ताक घुसळले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. रवी फिरत असते तेव्हा लोण्याचे कण सुटे असतात. घुसळण संपत येते, वरून गार पाण्याचा हबका मारला जातो, आणि शेजारशेजारचे कण चिकटून गोळा वर येतो. हागेडोर्नच्या मते लोणी विस्तवातच ठरते, बटलरच्या मते ते मागाहून गोळा होते. पुढची साठ वर्षे या दोन वाक्यांमध्ये गेली.

सत्तरच्या दशकात बर्कलीच्या जुन्या बेव्हाट्रॉनला दुसरा एक प्रवेगक जोडून बेव्हालॅक झाले आणि प्रोटॉनऐवजी आख्खी केंद्रके आदळू लागली. जडआयन टकरींचे हे घर 1993 मध्ये बंद झाले, आणि आजच्या चर्चांत त्याचे नाव अभावानेच निघते. हा अन्याय आहे, कारण सगळे प्रश्न तिथेच धारदार झाले. हान्स गुटब्रोड आदींनी 1976 मध्ये युरेनियमवर आयन आदळवून हायड्रोजन-हेलियमची समस्थानिके मोजली, तर बटलरांच्या कल्पनेतून आलेला वर्गाचा नियम सुरेख लागू पडला. दोन वर्षे उलटायच्या आत अराम मेकजियन यांनी दाखवले की उष्मागतिकीतून निघालो तरी जवळपास तोच नियम मिळतो. दोन वाटा एकाच ओसरीवर येत असतील तर पाहुणा कुठल्या वाटेने आला हे उंबऱ्यावर उभे राहून कसे सांगणार?

दरम्यान प्रतिद्रव्याचीही एक शाखा फुटली होती. 1965 मध्ये सर्नला झिकिकी आणि ब्रुकहेवनला लेडरमन व टिंग यांच्या गटांना प्रतिड्यूटेरॉन दिसले. 1970 च्या सुमारास रशियातील सेरपुखोवला प्रतिहेलियम-3 ची अवघी पाच केंद्रके सापडली. ही शाखा खरी बहरली ती ब्रुकहेवनच्या रिक या 3.8 किलोमीटर परिघाच्या यंत्रात. तिथल्या स्टार प्रयोगाने 2010 मध्ये सोन्याच्या सुमारे 10 कोटी टकरींतून प्रतिहायपरट्रायटॉनची, म्हणजे लॅम्डा बाळगणाऱ्या एका केंद्रकाच्या प्रतिरूपाची, सत्तरेक केंद्रके वेचली, 2011 मध्ये प्रतिहेलियम-4 ची 18, आणि 2024 मध्ये सहाशे कोटींहून जास्त टकरी चाळून प्रतिहायपरहायड्रोजन-4 ची सोळाच्या आसपास. थळच्या वेचणीला आपण चिकाटीची म्हणालो होतो.

मग 2010 मध्ये 27 किलोमीटरच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये शिशाच्या टकरी सुरू झाल्या, आणि ॲलिस या प्रयोगाने सगळा हिशेब नव्याने मांडला. या प्रयोगात पवईच्या आयआयटीतले लोक आहेत. कोलकात्याच्या साहा संस्थेत आराखडा केलेली ‘मानस’ ही चिपही त्यात होती. हिशेब असा: पायॉन या हलक्या कणापासून हेलियम-4 पर्यंत, नऊ शून्यांच्या पल्ल्यातल्या कणसंख्या एकाच तापमानाने जुळतात. ते तापमान ऊर्जेच्या भाषेत 15 कोटी 60 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अंशांत सुमारे 1.8 लाख कोटी, सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट. प्रत्येक वाढीव प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे संख्या सुमारे 300 पटींनी उतरते, तीही हागेडोर्नच्या वाटणीने सांगितल्याप्रमाणे. हागेडोर्न यांनी 1965 मध्ये पदार्थाच्या तापमानाची जी कमाल मर्यादा सुचवली होती, तीही याच आकड्याच्या शेजारी होती. आणि या यादीत हायपरट्रायटॉनही बसतो! तो म्हणजे ड्यूटेरॉनला लटकलेला एक लॅम्डा. हे लटकणे फक्त एक-दीड लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, म्हणजे विस्तवाच्या हजाराव्या भागाइतके. लॅम्डा ड्यूटेरॉनपासून सरासरी दहाएक फर्मी (अणुकेंद्रे मोजण्याचे एकक) दूर फिरतो, आख्ख्या शिशाच्या केंद्रकाच्या त्रिज्येहून लांब. याला लोणीसुद्धा म्हणता येणार नाही, ही तर साय.

उष्णतेचे पक्षधर म्हणाले, संख्या विस्तवात ठरते, एंट्रॉपी ती राखते, आणि मध्ये किती केंद्रके तुटली-जुळली याने बेरीज बदलत नाही. दुसरा पक्ष म्हणाला, टक्कर लहान करून पाहा. ही युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत चतुर वाटते. प्रोटॉन-प्रोटॉन किंवा प्रोटॉन-शिसे टकरीत पेटलेली जागा एक-दोन फर्मींची. उष्णतेच्या हिशेबाला केंद्रकाच्या आकाराशी देणेघेणे नाही. पण कण मागाहून बिलगत असतील तर वाटीत परात मावत नाही तसे दहा फर्मींचे हायपरट्रायटॉन अशा जागेत फारच थोडे व्हायला हवेत. ॲलिसने 2022 मध्ये प्रोटॉन-शिसे टकरींत ते मोजले, आणि आकडा बिलगण्याच्या बाजूने झुकला.

त्याहून थेट पुरावा 2025 च्या अखेरीस आला. ॲलिसने प्रोटॉन टकरींतले ड्यूटेरॉन आणि त्यांच्याजवळचे पायॉन यांच्या वेगांचे नाते तपासले. बहुतेक ड्यूटेरॉनच्या पाठीमागे डेल्टासारख्या अल्पायुषी कणांची छाप निघाली. डेल्टा विस्तवातून निघतो, क्षणाच्या अकल्पनीय लहान अंशात फुटून प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन आणि एक पायॉन देतो. तोपर्यंत तो आगीच्या गाभ्यातून थोडा बाहेर आलेला असतो, आणि तिथे शेजारच्या जोडीदाराला बिलगतो. पायॉन जास्तीची ऊर्जा घेऊन निघून जातो. बटलर आणि पिअर्सन यांचा ‘तिसरा’ असा 64 वर्षांनी नाव-गाव घेऊन पुढे आला. शिशाच्या मोठ्या विस्तवातही असेच घडते की तिथे हागेडोर्नची वाटणी चालते, यावर मतभेद अजून संपलेले नाहीत. अवकाशातून प्रतिहेलियम येते का हे शोधणाऱ्यांचे आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या पोटात लॅम्डा किती असतील हे विचारणाऱ्यांचेही या उत्तराकडे लक्ष आहे.

वादाचा सगळा भार ज्या एका आकड्यावर आहे, तो लॅम्डाच्या लटकण्याचा आकडा मात्र अजून डळमळतो. सत्तरच्या दशकातल्या इमल्शनांनी तो सुमारे 1 लाख 30 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट सांगितला. स्टारने 2020 मध्ये 4 लाखांच्या आसपास काढला, ॲलिसने पुन्हा 1 लाखाजवळ. निकाल लावण्यासाठी ताकेहिको साइतो यांचा गट परत काचांकडेच वळला. जपानमधल्या जे-पार्क प्रवेगकावर केऑन नावाच्या कणांच्या किरणांखाली धरलेल्या इमल्शनच्या हजाराहून अधिक पत्र्या दुसऱ्याच एका प्रयोगातून पडून होत्या. त्या डोळ्यांनी वाचायच्या तर पिढ्या खर्ची पडल्या असत्या. म्हणून संगणकाला शिकवायचे ठरले, पण शिकवायला खऱ्या हायपरट्रायटॉनची चित्रेच पुरेशी नव्हती. तेव्हा गणिताने खोटी चित्रे काढून, त्यांना खऱ्या इमल्शनचा धूसर पोत चढवून, यंत्राची नजर तयार केली. 2021 मध्ये तिला पहिला हायपरट्रायटॉन सापडला: एक आखूड काळी रेघ, तिच्या टोकाला हेलियमचा ठिपका, आणि तिथून दूरवर गेलेली पायॉनची विरळ रेघ. यंत्राने खूण केलेली ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली धरून, चकती मागेपुढे फिरवत, शेवटी माणसानेच तपासून घेतली.